सगळ्यांना ऐकू आलेला आवाज

मी आनंदात असले की आमच्या घरात सगळे घाबरतात. मी मोठ्यानं हसले, भरभर बोलू लागले, पहाटेच उठून मांडणीवरचे डबे खाली काढले, की सासूबाई माझ्याकडे टक लावून पाहतात आणि यजमान हळूच विचारतात, "झोप झाली ना नीट?" त्यांचं चुकत नाही. माझ्या आजाराची सुरुवातच आनंदानं होते. म्हणून आज लिहायला बसण्याआधी मी स्वतःची झडती घेतली. सात तास झोप झाली आहे, कालची गोळी घेतली आहे, सकाळी पोटभर पोहे खाल्ले आहेत. तेव्हा आत्ता छातीत जे उचंबळून येतंय ते आजाराचं नाही, माझं स्वतःचं आहे. आणि ते जिच्या कृपेनं मला परत मिळालं, तिच्या दारात काय घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही!

पण सांगायचं तर संशयापासूनच सांगावं लागेल, कारण आजारानं पहिला हात माझ्या श्रद्धेलाच घातला होता. मी शहराबाहेरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं कामाला होते. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे माझं काम. अडीच वर्षांपूर्वी एका आठवड्यात माझी झोप उडाली. थकवा नाही, भूक नाही, डोक्यात नुसता उजेड. आणि त्या उजेडात आमच्या शहराजवळच्या कोराडीची जगदंबा माझ्याशी बोलते आहे अशी माझी पक्की खात्री झाली. मी ऑफिसात कुंकवाचा करंडा घेऊन गेले आणि एकेका टेबलापाशी जाऊन प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला बोट लावत सुटले. मॅनेजरना म्हणाले, आईनं या सगळ्या मजल्याचा भार माझ्यावर सोपवला आहे. इतकी सुखी मी जन्मात कधी नव्हते. त्याच दिवशी संध्याकाळी यजमानांनी मला दवाखान्यात नेलं आणि पुढचे तीन आठवडे मी मानसिक आजाराच्या वॉर्डात होते.

डॉक्टरबाई मृदू बोलणाऱ्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, मन आभाळाला टेकतं आणि मग खोल विहिरीत पडतं हे समजावलं, गोळ्या आणि झोप सांभाळली तर चारचौघांसारखं जगता येतं असा धीर दिला. सगळं पटलं. एकच प्रश्न मी त्यांना विचारू शकले नाही. तो आवाज जर आजाराचा होता, तर लहानपणापासून जिच्यापुढे हात जोडत आले ती कोण? घरी आल्यावर देवापुढे दिवा लावायलाही माझा हात धजेना. ती पुन्हा बोलली तर? आणि कधीच बोलली नाही तर? दोन्हींची भीती सारखीच होती. कंपनीतले लोक वाईट वागले नाहीत, पण राजीनामा दिलेला बरा असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. अकरा वर्षांची नोकरी दोन ओळींच्या ई-मेलनं संपली.

आमचं घर इतवारीत. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. हातगाड्या आणि टेम्पोंच्या त्या गल्लीत कोणाच्या घरी आज काय शिजलं हेसुद्धा लपत नाही. मी दवाखान्यातून आले त्याच दिवशी सासूबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "कोणी विचारलं तर सून घरूनच काम करून राहिली, एवढंच बोलायचं. बाकी एक शब्द नाही." आणि मग आमच्याकडे एक नाटकच सुरू झालं. आतल्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप. पाहुणे आले की खोलीचं दार लागायचं आणि सासूबाई आवाज खाली करून म्हणायच्या, "तिची मीटिंग सुरू आहे." दाराच्या आत मी कानात इयरफोन घालून बंद लॅपटॉपसमोर बसलेली. एकदा माझ्या चुलतसासूबाई बराच वेळ बसल्या, तेव्हा मी आतून मोठ्यानं "येस, येस, आय विल चेक" असंही म्हणाले. म्हटलं आणि तोंडावर पदर घेऊन रडले. माझी नऊ वर्षांची लेकही दारात आलेल्या बाईला सराईतपणे सांगायला शिकली, "आई मीटिंगमध्ये आहे." ते ऐकून मला जे वाटायचं ते मी कोणाला सांगू शकले नाही.

गोळ्यांच्या पट्ट्या कॅल्शियमच्या जुन्या डब्यात असायच्या. आमच्या गल्लीतल्या मेडिकलमधून त्या कधीच आणल्या नाहीत, यजमान लांब सदर भागात जाऊन आणायचे. मधून मधून मी नोकरीसाठी मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न यायचा, मधली दोन वर्षं काय केलंत? मी सांगायचे, सासूबाई आजारी होत्या. पुढचा प्रश्न आला की माझी जीभ अडखळायची आणि समोरच्याला कळायचं की इथं काहीतरी पोकळ आहे. घरी येऊन मी पुन्हा त्या खोलीत बसायचे. आजार बरा होत होता, पण आजार झाकता झाकता मीच झाकली जात होते.

गेल्या नवरात्रात मी घटापुढे बसले आणि मनात एक विचार आला. आईवर जर खरा विश्वास असेल तर डब्यातली ही गोळी कशाला? मी तब्येतीनं बरी होते, झोप येत होती. ठरवलं, नऊ दिवस उपास आणि नऊ दिवस गोळी बंद. हेच समर्पण, असं मला वाटलं. कोणाला सांगितलं नाही. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकून ठेवली आणि घरच्यांना वाटू दिलं की घेते आहे. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी जाग फार लवकर आली आणि डोकं लख्ख होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे मला काहीतरी सांगू पाहताहेत असं वाटलं. मी ओळखलं. तो उजेड परत येत होता. पण सांगू कोणाला? घरात बोलायची सवयच मोडली होती.

सहाव्या माळेला सकाळी मी यजमानांना म्हटलं, कोराडीला जाऊन येते. सणाची गर्दी, दुकान सोडता येत नव्हतं, त्यांनी काळजीनं पाहिलं आणि "फोन चालू ठेवजो" एवढंच म्हणाले. बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. मनात एकच, आई, तू बोलू नकोस, पण काहीतरी कर.

नवरात्रातली कोराडीची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. लोखंडी कठड्यांमधून बायकांची रांग वळसे घेत पुढे सरकत होती. आश्विनातलं ऊन, अखंड ज्योतींच्या तेलाचा वास, पलीकडे वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. माझ्या मागे पन्नाशीच्या पुढची एक बाई होती. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातातल्या पिशवीत नारळ आणि ओटीचं सामान. ती पुढच्या-मागच्या सगळ्यांशी बोलत होती. कोणाचं लेकरू रडतं, कोणाचा नारळ लहान आहे, सगळ्यावर तिचं मत होतं. मी घाम पुसायला पर्समधून रुमाल काढला आणि गोळ्यांची पट्टी खाली पडली.

"कोणाची गोळी पडली वं?" तिनं पट्टी उचलून विचारलं.

"माझी नाही," मी म्हणाले. दोन वर्षांत जीभ इतकी तयार झाली होती की खोटं माझ्या आधीच बाहेर पडलं.

"तुह्याच पर्समधून पडली बाई, म्या पाह्यलं ना," ती म्हणाली आणि पट्टी डोळ्यांपासून लांब धरून तिच्यावरची अक्षरं पाहू लागली. मग एकाएकी खळखळून हसली. पिशवीत हात घालून तिनं एक प्लास्टिकची थैली काढली आणि त्यातून हुबेहूब तशीच पट्टी माझ्यापुढे धरली. "हे पाय! सेम टू सेम! मले बारा वर्सं झाले हेच चालू आहे. माह्यं डोकं फिरलं होतं ना वं!"

वांग्याचा भाव सांगावा तशा मोकळ्या आवाजात ती हे बोलली. आमच्या आजूबाजूच्या दोन वळशांतल्या बायका वळून पाहू लागल्या. मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं. आणि त्या वळलेल्या चेहऱ्यांत, कठड्याच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर, आमच्या समोरच्या घरातल्या नलूकाकू होत्या. इतवारीतली कुठलीही बातमी पहिल्यांदा ज्यांच्या ओट्यावर पोचते, त्या नलूकाकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पट्टीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. रांग सरकली आणि त्या पुढे गेल्या.

संपलं, मी मनात म्हटलं. पण मागच्या मावशींना त्याचं काय! त्यांनी माझा दंड धरला. "बरोबर घेऊन राहिली ना गोळी?"

"पाच दिवस झाले, बंद केली," मी पुटपुटले.

"काहून?"

"नवरात्र आहे. वाटलं, देवीवर भरवसा असेल तर..."

"अवं, डोयाले चष्मा लावून आली ना दर्शनाले?" त्यांनी माझ्या चष्म्याकडे बोट केलं. "मंग तो काहून नाही ठेवला घरी? आई दिसन तसंच, भरवसा असन तर! चष्म्याची लाज नाही वाटत अन् गोळीची वाटते? झोप लागून राहिली का?"

मी मान हलवली. नाही. आणि त्या मानेबरोबर माझे डोळे वाहू लागले. मावशींचा सूर एकदम बदलला. "लाव फोन डाक्टरले. आत्ताच लाव. आपल्या मनानं घेऊ बी नको अन् सोडू बी नको." मी रांगेतच फोन लावला. डॉक्टरबाई पेशंटमध्ये होत्या, पण दहा मिनिटांत त्यांचा उलट फोन आला. काही खाऊन घ्या, आजची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, राहिलेल्या भरून काढायला जाऊ नका आणि उद्या सकाळी यजमानांना घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "फोन केलात हे फार चांगलं केलंत." मावशींनी ओटीतलं केळं काढून माझ्या हातात दिलं. "खाय. आई लेकराले उपाशी ठेवते का कधी?"

मी केळं खाता खाता त्या आपली गोष्ट सांगत होत्या. गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं त्यांचं काम होतं. आजार झाला तेव्हा काम गेलं. येडी बाई पोरांच्या अन्नात काय टाकन काय माहीत, असं लोक म्हणाले. दोन वर्षं घरात बसून काढली. "मंग दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. हेडमास्तरले पहिल्याच दिवशी सांगतलं, मले असं असं आहे, गोळी चालू आहे, ठेवाचं तर ठेवा. त्यानं ठेवलं! सात वर्सं झाले." पुढे उभी असलेली एक कॉलेजातली मुलगी, इतका वेळ मोबाईलमध्ये डोकं घातलेली, हळूच वळून म्हणाली, "माझ्या दादाला पण आहे." एवढंच बोलली आणि पुन्हा वळली. पण तिची पाठ आता वेगळी दिसत होती, सैल झालेली.

आणि तेव्हा त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. अडीच वर्षांपूर्वीचा आवाज फक्त मला ऐकू आला होता. हा आवाज अख्ख्या रांगेनं ऐकला! त्यात शंकेला जागाच नव्हती. तो हिरव्या लुगड्यातल्या बाईचा होता, त्याला तंबाखूचा वास होता, आणि तो मला सांगत होता की जेव, झोप, डॉक्टरला विचार. याहून अधिक काय मागायला मी आले होते? यावर कोणी वाद घातला तर मी घालू देईन. एका बाईची आणि माझी गोळी एक निघाली, यात नवल ते काय? नसेलही. मला जे मिळालं ते मी सांगते आहे.

गाभाऱ्यापुढे आम्हाला पाच-सात क्षण मिळाले असतील. मागण्यांची माझी यादी मोठी होती. पण समोर तो शेंदरी, शांत चेहरा दिसला आणि यादी आठवलीच नाही. मी फक्त उभी राहिले. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं इतकं गोड असू शकतं हे मला तेव्हा कळलं. "चाल वं पोरी, मागच्यायले बी पाह्यचं आहे," असं म्हणत मावशींनीच मला पुढे ढकललं. बाहेर आल्यावर त्यांना बस पकडायची घाई होती. माझ्या गालांवरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली आणि पिशवी सावरत त्या गर्दीत निघून गेल्या. त्यांचं नाव, गाव विचारायचं राहून गेलं.

घरी आल्यावर मी यजमान आणि सासूबाईंपुढे बसले आणि सगळं सांगितलं. गोळ्या बंद केल्याचं ऐकून यजमानांचे डोळे भरले. "मले काहून नाही सांगितलं?" ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. सासूबाईंनी फक्त नलूकाकूंचं नाव ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "झालं! आता इतवारीभर होईन." त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. वेळेत आल्यामुळे निभावलं, असं त्या म्हणाल्या. दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते तेव्हा दाराची कडी वाजली. नलूकाकूंचा आवाज. आणि पाठोपाठ सासूबाईंचं सवयीचं वाक्य, "तिची मीटिंग..." मी उठले. दार उघडून बाहेर आले. आतून कोणीतरी टाळ्या वाजवत असावं असं वाटत होतं.

"नाही काकू," मी म्हणाले, "माझी मीटिंग नाही. मला नोकरीच नाही. मी आजारी होते."

नलूकाकू मटकन खाली बसल्या. "माझा प्रशांत पुण्याले नाही वं," त्या म्हणाल्या. "वरच्या खोलीत आहे. चौदा महिने झाले." त्यांच्या या मुलाची पुण्याची नोकरी गेली होती. घरी आला, खोलीत शिरला, तो बाहेरच येईना. ताट वर न्यायचं, अर्धं परत आणायचं. अंघोळ नाही, बोलणं नाही. "कोणाले सांगू? लोक म्हणतील, शिकलेला पोट्टा अन् येडा झाला. तुमच्याकडे मीटिंगा चालतात म्हणून मी तुमच्यापासूनही लपवून राहिली. काल तुले रांगेत पाहिलं अन् मले झोप नाही. त्या डॉक्टरचं नाव दे मले."

सासूबाई आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणला, नलूकाकूंच्या शेजारी भुईवर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. चौदा महिने दोन घरं समोरासमोर, मधे जेमतेम एका टेम्पोची वाट, आणि दोन्हीकडे दारं लावून बसलेली माणसं!

मी समोरच्या घरी गेले. प्रशांतच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसले आणि माझीच गोष्ट सांगितली. कुंकवाचा करंडा, वॉर्ड, बंद लॅपटॉपसमोरची मीटिंग. ती मीटिंग सांगितली तेव्हा आतून बारीकसा हसल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुम्ही परत कामाला जाऊन राहिल्या का, वहिनी?"

"अजून नाही," मी खरं ते सांगितलं.

"मग मी गेलो नाही तर चालते?"

"चालते. आधी डॉक्टरकडे जाऊ. नोकरीचं नंतर पाहू."

चौथ्या दिवशी, दसरा झाल्यावर, तो आमच्याबरोबर रिक्षात बसला. दाढी वाढलेली, डोळे उन्हानं मिटलेले. नलूकाकूंनी ओट्यावरच्या बायकांना स्वतःच सांगितलं, "पोराले दवाखान्यात नेऊन राहिलो."

तेव्हापासून सात-आठ महिने झाले. प्रशांत आता संध्याकाळी खाली येऊन बसतो, आईला वाणसामान आणून देतो. नोकरी नाही अजून, आणि त्याची घाई कोणी करत नाही. मी पुढच्या दोन मुलाखतींत खरं सांगितलं. पहिल्या ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी समोरच्या बाईंनी विचारलं, "तपासणीला महिन्यातून किती वेळ लागतो?" मी म्हटलं, अर्धा दिवस. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते! लहान कंपनी आहे, सध्या दिवसाचे पाचच तास काम आहे, पण काम खरं आहे.

परवा मी कामावरून आले, जिना चढत होते. खाली दुकानात सासूबाई एका गिऱ्हाइकाला पितळेचं घंगाळ दाखवत होत्या. त्या बाईंनी विचारलं, "सून काय करते तुमची?" सासूबाई जराही न थांबता म्हणाल्या, "डोक्याच्या आजारानं आजारी होती दोन वर्षं. घरीच होती. आता गोळी चालू आहे अन् कामाले जाते." आणि लगेच, "हे पाहा, याचा काठ कसा जाड आहे." मी जिन्यात थांबले. तिथंच हात जोडले.

पूर्वी मला वाटायचं, समर्पण म्हणजे सगळं सोडून आईकडे पाहत बसणं. आता वाटतं, ती ज्या हातांनी उचलते ते हात ओळखून आपण आपला हात पुढे करणं, एवढंच आपल्याकडे आहे. तिचे हात डॉक्टरबाईंचे असतात, अनोळखी मावशीचे असतात, घाबरलेल्या सासूचेही असतात. मी हात लपवून ठेवला होता, म्हणून तिला तो धरता येत नव्हता. आई जगदंबे, तू मला पुन्हा कधी काही बोलली नाहीस, आणि मी तुझी फार फार आभारी आहे.